पेवातली ज्वारी

'कसे आहात' असं काका कुणालाच विचारत नसत. माणूस भेटला की पहिला प्रश्न, "नवीन काय येतंय?" म्हणजे गेल्या भेटीनंतर हाताला कोणतं नवं काम आलं. बहुतेकांना काहीच आलेलं नसायचं. लोक हसायचे, घाईत असल्याचं सांगायचे आणि पुढच्या वेळी लांबूनच गल्ली बदलायचे. मी त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते, त्यामुळं मला गल्ली बदलायची सोय नव्हती.

जालना रस्त्याला लागून, चिकलठाण्याच्या अलीकडे, शेतं मोडून प्लॉट पाडलेली ती वसाहत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बँकेतले, कारखान्यातले सुपरवायझर अशी सगळी माणसं. प्रत्येक घरापुढे एक स्कूटर आणि एक जास्वंद. त्यात हे एकच घर असं, की फाटकावर अंबाडीचा वाख, दोरासाठी सोललेला धागा, वाळत टाकलेला, गच्चीत राखेत घोळलेलं बियाणं पसरलेलं, आणि ओसरीत पितळेची भांडी उलटीपालटी करत, कल्हईच्या नवसागराच्या धुरात खोकत बसलेला एक सडपातळ म्हातारा. पोरं त्यांना हुन्नरकाका म्हणायची. मी नुसतं काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. जन्मभर त्यांनी कचेरीत फायली पुढं सरकवल्या होत्या. निवृत्त झाले आणि जे कुणीतरी आपल्यासाठी करतं ते प्रत्येक काम आपल्याला आलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं. दोर वळणं, कल्हई, चप्पल शिवणं, चुन्यानं भिंत सारवणं, पत्रावळी लावणं, बी धरणं, रिठ्याचा साबण. न्हाव्याकडे जाणंही बंद केलं होतं. त्याचा पुरावा त्यांच्या डोक्यावर दिसायचा.

आता शहरात याची शिबिरं भरतात. माणसं मोटारीतून येतात, शेण हातात घेऊन फोटो काढतात, आणि स्वयंपूर्ण जगण्यावर भाषण ऐकून परत मोटारीत बसतात. मला त्याचा संताप येतो आणि तो का येतो हेही मी कुणी विचारलं तर सांगते. काका त्यातले नव्हते. पण ते माझ्या बाजूचेही नव्हते, आणि ते कोणत्या बाजूचे होते हे ठरवायला मला त्या घरात काही वर्षं काढावी लागली.

मी तेव्हा वस्त्यांमधल्या रेशनसाठी आणि नळासाठी भांडणाऱ्या एका लहानशा गटात काम करत होते. गटाची पत्रकं मी लिहायचे. चांगली लिहायचे, असं माझं आजही मत आहे. काका प्रत्येक पत्रक चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचायचे. ते निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, म्हणून मराठी सावकाश, ओठ हलवत. वाचून झालं की म्हणायचे, "लई जोरदार. पण ह्यात 'मिळालंच पाहिजे' किती वेळा आलंय बघ. 'करू' एकदा पण नाय."

"करायचं काम सरकारचं आहे, काका."

"व्हय. आणि सरकार नाय करत तोवर?"

त्या वसाहतीत नळाला पाणी दिवसाआड नव्हे, मर्जी असेल तेव्हा यायचं. काकांनी गच्चीवरचं पावसाचं पाणी उतरवून घ्यायला अंगणात स्वतःच्या हातानं टाकी बांधली होती. मी स्पष्ट म्हटलं, "तुमच्यासारखे टाक्या बांधतात म्हणून वरचे निवांत झोपतात. सगळे तहानलेले बसले असते तर पाणी कधीच आलं असतं."

"बरं," ते शांतपणे म्हणाले. "तू बस तहानलेली. तुला लागलं की मी तांब्या भरून आणून देतो."

काकू आतून म्हणाल्या, "आणि मला कुणी चहाला पाणी देतंय का? का मी पण मोर्चात आहे?"

त्यांचा आवडता शब्द होता मोहताज. 'मोहताज होऊ नये', कुणाच्या हाताकडं बघायची वेळ येऊ नये. जेवताना, दोर वळताना, दारात आलेल्या भाजीवाल्याशी बोलताना, कुठूनही फिरून ते त्या शब्दावर यायचे. तो शब्द त्यांना कुठं लागला होता हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, अंबाडीचा पेड माझ्या हातात देऊन, म्हणजे मला उठता येऊ नये.

पोलीस ॲक्शनच्या आधीचे महिने. त्यांचं गाव गंगापूर तालुक्यातलं, वडील गावचे पटवारी. रझाकारांच्या भीतीनं सगळं घर गोदावरी ओलांडून हद्दीपलीकडच्या छावणीत गेलं. तिथं प्रत्येकाला चार बांबू, दोन तट्टे आणि सुतळी मिळाली. दुपारी वारा सुटला आणि यांचं छप्पर उडायला लागलं. वडिलांनी सुतळीचं टोक धरलं आणि ते दिवस मावळेपर्यंत धरूनच उभे राहिले. टिकेल अशी गाठ त्यांना मारता येत नव्हती आणि कुणाला मारून द्या म्हणायची लाज वाटत होती.

"माझ्या वडलांना मोडी येत होती, उर्दू येत होती," काका म्हणाले. "दोन लिप्या. गाठ येत नव्हती. शेवटी शेजारच्या पालातला माणूस न बोलावता आला, बांधून गेला. आमच्याच गावचा. गावात तो वडलांपुढं खाली बसायचा. वडलांनी त्याच्याकडं बघितलं पण नाय."

"विचारलं असतं तर त्यानं शिकवली असती गाठ," मी म्हटलं.

"तेच तर म्हणतोय. आता तू पीळ सोडू नको, सैल पडतोय."

माणसाला शिकवायची त्यांची रीत उलटी होती. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीत शाळा भरायची. वसाहतीतल्या दोन-तीन बायका, एखादा निवृत्त माणूस आणि सक्तीनं मी. ते काहीच सांगायचे नाहीत. सामान पुढं टाकायचे आणि म्हणायचे, "आधी बिघडव." आम्ही बिघडवायचो. मग ते बिघडलेलं काम हातात घेऊन मन लावून बघायचे, जणू काही त्यात आमची पत्रिका मांडलेली आहे. "तुझा डावा हात घाई करतोय," असं काहीतरी सांगायचे. बिघडल्याशिवाय हाताला कळत नाही, हा त्यांचा सिद्धांत. त्या शाळेत मी बिघडवलेल्या वस्तूंनी एक खोली भरली असती.

एका पावसाळ्यात त्यांनी अंबाडीच्या पेंढ्या अंगणातल्या जुन्या पिंपात कुजायला घातल्या. अंबाडी कुजवल्याशिवाय वाख सुटत नाही, आणि कुजली की वास असा येतो की माणूस आपलं घर सोडून जाईल. शेजारी एक बँकेतले गृहस्थ राहायचे. सभ्य, नीटनेटके, सगळ्या वसाहतीची काळजी वाहणारे. ते नाकाला रुमाल लावून तक्रार करायला आले. काका म्हणाले, "बरं झालं आलात. हे टोक धरा." बोलता बोलता त्यांच्या हातात पेड गेला. तक्रार सांगून होईस्तोवर हातभर दोर तयार झाला होता. शेजाऱ्यांनी तो घरी नेऊन बायकोला दाखवला म्हणे. वासाचं काय करायचं ते राहूनच गेलं.

याच शेजाऱ्यांवरून माझं आणि काकांचं खरं भांडण झालं. काका ओसरीत बसून चपला शिवत होते. येणारे-जाणारे थांबून बघत होते. शेजारी म्हणाले, "काय साधेपणा आहे. एवढ्या मोठ्या घराण्यातला माणूस, पण कामाची लाज नाही." दोघंतिघं माना डोलावत होते.

ते गेल्यावर मी म्हटलं, "ज्यांच्या आज्या-पणज्यांपासून सगळ्यांना हेच करावं लागलं, त्यांना कुणी साधं म्हणालं नाही. त्यांना काय म्हणत होते ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही हौसेनं आरी धरलीत म्हणून टाळ्या पडतात."

काकांनी आरी खाली ठेवली. "खरंय," म्हणाले. "मग काय करू? सोडून देऊ?"

"सोडू नका. टाळ्या घेऊ नका."

दुसऱ्या दिवसापासून चपलांची पेटी मागच्या अंगणात, माझ्या खोलीच्या दाराशी गेली, जिथं रस्त्यावरून कुणाला दिसत नव्हतं. माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा मात्र त्यांनी शिवून दिला नाही. त्यांनी मलाच शिवायला लावला. तीन मोर्चे त्या अंगठ्यावर निघाले.

मोर्चावरून आठवलं. आमची पत्रकं भिंतीवर टिकत नसत. उन्हानं कडा सुटायच्या, संध्याकाळपर्यंत कागद रस्त्यावर. काकांनी मैद्याची खळ शिजवली, त्यात चिमूटभर मोरचूद टाकला. म्हणाले, कीड लागणार नाय, पाऊस झेलेल. आम्ही त्या खळीनं रेशनची पत्रकं शहागंजापासून लावत आलो. रेशन काही मिळालं नाही, पण पत्रकं पुढच्या वर्षीपर्यंत भिंतीवर होती. तारीख उलटून गेलेल्या मोर्चाला 'प्रचंड संख्येनं या' म्हणून सांगत.

या सगळ्यात काकूंचं काय, असं कुणी विचारत नसे. काकूंचे गुडघे गेले होते. मुलगा पुण्याला, नोकरीत. नात नुकती बोलायला लागली होती, फोनवर 'आजी ये' म्हणायची. दर दिवाळीला मुलगा न्यायला यायचा आणि दर दिवाळीला काका म्हणायचे, "पुण्यात मी काय करू? तिथं कुंडीतली माती पण दुकानातून आणत्यात." काकू बॅग भरायच्या आणि परत रिकामी करायच्या. मी त्यांना बॅगेतल्या साड्या पुन्हा कपाटात लावताना पाहिलंय. त्यांनी तेव्हा चेहऱ्यावर काहीच दिसू दिलं नव्हतं. त्या फक्त साड्या फार हळू लावत होत्या.

अशात काकांनी पेव काढायचं मनावर घेतलं.

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं, मोठा तांब्या जमिनीत पुरल्यासारखं. ज्वारी भरून, तोंड बुजवून टाकायचं. वर्ष-दोन वर्षांनी, दुष्काळ पडला की उघडायचं. त्यांच्या गावच्या घरी पूर्वी होतं. काका म्हणाले, बाकी सगळे हुन्नर दुसऱ्यांकडून घेतले, हा आमच्या स्वतःच्या घरचा. हा आला की बाजाराचं तोंड बघायला नको. गावाकडं बटाईनं दिलेल्या जमिनीतून त्यांच्या वाट्याला थोडी ज्वारी यायचीच.

काकू म्हणाल्या, "खड्डा खणाल, तो भराल, मग तो उघडायची वाट बघाल. म्हणजे अजून दोन वर्षं पुणं नाही."

"पेव उघडू दे," काका म्हणाले. "दोन पावसाळे काढून ज्वारी चांगली निघाली, तर माझं म्हणणं खरं. मग आपण इथंच, आणि तू पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाय. खराब निघाली, तर तू म्हणशील त्या दिवशी निघू. मग मी पुन्हा हुन्नरचं नाव काढणार नाय." मग माझ्याकडं बोट करून, "ही साक्षीदार."

काकू लगेच म्हणाल्या, "चालेल." इतक्या लगेच म्हणाल्या, की मला जरा नवल वाटलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही खणलं. मजूर लावायचा नाही, हा त्यांचा हट्ट. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत त्यांच्या जिवात जीव नव्हता, कारण काळीत पेव काढलं तर ओल धरतं. मुरूम लागला तेव्हा त्यांनी मूठभर वर आणून काकूंना दाखवला. काकूंनी बघून "छान" म्हटलं आणि भाजी निवडायला घेतली. गटाची बैठक आटोपून मी यायचे आणि टोपली ओढायचे. एकीकडं लोकांनी सरकारकडून धान्य हक्कानं घ्यावं म्हणून बोलायचे, दुसरीकडं एका पेन्शनवाल्या माणसाचं खाजगी कोठार खणायचे. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते खड्ड्यातून म्हणाले, "दोन्ही कर. पण टोपली पुढं घे."

आतून भिंत शेणमातीनं सारवली, काटक्या पेटवून भाजून काढली, कडब्याचं अस्तर लावलं. ज्वारी ओतली. वरून भुसा, त्यावर फरशी, त्यावर चिखल, त्यावर मातीचा उंचवटा. काकूंनी हळद-कुंकू वाहिलं. काकांनी डोळे मिटून हात जोडले. देवाला नमस्कार करताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

दोन पावसाळे गेले. पाऊस आला की ते खिडकीत उभे राहून त्या उंचवट्याकडं बघायचे. दवाखान्याबाहेर माणूस बसतो तसे. दिवाळीला मुलगा आला, त्याला सांगितलं गेलं, पेव उघडल्यावर बघू. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आई खरंच थकलीय. ज्वारी खराब निघू दे, एवढी प्रार्थना करा." मी प्रार्थना करत नाही, असं सांगितलं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या आधी, सकाळीच फरशी सरकवली. लगेच आत उतरायचं नसतं, आतली हवा माणूस मारते. काकांनी दोरीला कंदील बांधून सोडला, तो विझला. आम्ही चहा प्यायलो, पुन्हा सोडला, पुन्हा विझला. दुपारी कुठं ज्योत टिकली. तोवर अर्धी वसाहत जमा झाली होती. काकूंनी ओसरीतली खुर्ची ओढून आणली आणि पदर खोचून बसल्या.

"गड्याला उतरवायचे पूर्वी," काका म्हणाले.

मी म्हटलं, "आता?"

"आता मीच की." कमरेला दोर बांधून ते उतरले. दुसरं टोक शेजाऱ्यांनी आणि मी धरलं. आतून पहिल्यांदा काळी ढेकळं वर आली. कडेची ज्वारी कुजून गोळा झाली होती. मग बराच वेळ नुसता खरवडल्याचा आवाज. आणि मग त्यांनी सूप वर केलं. फिकट, मोकळी ज्वारी. शेजाऱ्यांनी दाणा दाताखाली फोडला. "कडक आहे हो," म्हणाले. "अगदी कडक."

काका वर आले. केसांत भुसा, चेहरा घामानं आणि मातीनं माखलेला. इतकं खूष मी कुणाला पाहिलेलं नाही. त्यांनी सूप काकूंच्या मांडीवर ठेवलं.

तेव्हा तो वास माझ्यापर्यंत आला. उबट, आंबूस, ओल्या मातीचा आणि जुन्या गोधडीचा मिळून असावा तसा. मला तो वास माहीत होता. अजिंठ्याकडच्या खेड्यात माझी आजी एका मोठ्या घरच्या शेतात राबायची. संध्याकाळी पदरात ज्वारी बांधून आणायची, तिच्या भाकरीला हाच वास. लहानपणी सुट्टीत मी ती खाल्लीय. मी समजायचे, हा आमच्या घराचाच वास आहे. गरिबीला असतो तसा.

काकूंनी ज्वारी वर घेऊन हुंगली. "आला की नाही वास," त्या म्हणाल्या. "येणारच. माझ्या माहेरी दोन पेवं होती. ही ज्वारी कधी चुलीपर्यंत आली नाही. घरच्यांना कणगीतली. ही गड्यांना, मजुरीत."

"आमच्याकडं नसंल तसं," काका म्हणाले.

"तुमच्याकडंही तसंच. सासूबाईंनीच सांगितलंय मला. तुम्ही सोळा वर्षांचे होतात गाव सोडलं तेव्हा. ताटात काय आलं एवढं तुम्हाला ठाऊक. कोणाच्या ताटात काय जातं, ते बायकांना."

"मग आधी का नाय सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कधी?" काकू म्हणाल्या. त्यांचा स्वर अगदी मऊ होता. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही खणायचे थांबला असतात, आणि पुन्हा पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी काढलं असतं. मला पुण्याला जायचंय हो."

काका तिथंच मातीच्या ढिगावर बसले. जमलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली, माझ्याकडं. "तू साक्षीदार. तूच सांग. चांगली निघाली का खराब?"

माझ्याजवळ त्या क्षणी पत्रकाचं पत्रक तयार होतं. तुमच्या घराण्याची स्वयंपूर्णता म्हणजे काय होती, ती कोणाच्या दातांवर उभी होती, सगळं. पण त्यांनी ते विचारलंच नव्हतं. विचारलं होतं ज्वारीचं, आणि ज्वारीचं उत्तर मला येत होतं.

"चांगली आहे," मी म्हटलं. "माझी आजी मजुरीत आणायची ती हीच. याहून वाईट असायची. अशी मिळाली असती तर आजीनं शेजारणीला बोलावून दाखवली असती."

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "तुझं पुण्याशी काय वाकडं आहे?"

काका हसले नाहीत. "भाकरी कर," त्यांनी काकूंना सांगितलं.

काकूंनी ती ज्वारी धुऊन, उन्हात घालून, दळून आणली आणि दोन दिवसांनी भाकरी केली. काकांनी ठेच्याबरोबर पहिला घास घेतला. चावत राहिले. पाण्याचा तांब्या संपला, अर्धी भाकरी संपली. खरं तर ज्वारी जिंकली होती. मी तसं सांगितलं होतं, आणि अटीप्रमाणं त्यांनी काकूंना गप्प करायला हरकत नव्हती.

नेमके तेव्हाच शेजारी आले. चांगल्या मनानं आले. म्हणाले, "काका, मी काय म्हणतो, एवढी ज्वारी तुम्ही दोघं कुठं खाणार? वस्तीत वाटून टाका. कुणाचं तरी पोट भरेल. या ताईंच्या ओळखीचे लोक आहेतच."

मी तोंड उघडलं होतं. काका माझ्या आधी बोलले. "नाय. ते आमच्या घरानं लई वर्षं केलंय."

शेजाऱ्यांना कळलं नाही. ते थोडा वेळ बसून, गुडघ्यावर हात फिरवून गेले.

मग काकांनी हात धुतले आणि काकूंना म्हणाले, "ऐक. चांगली म्हणावी तर मला गिळवत नाय. खराब म्हणावी तर हिच्या आजीपुढं मी कोण खराब म्हणणारा? तेव्हा असं करू. मी ती खातो. भरली मी, संपवीन मी. संपली की पुण्याला."

"आणि संपणार कधी?"

काकांनी मागच्या अंगणाकडं बघितलं. पेवाचं पोट त्यांनीच मोठं धरलं होतं.

त्यानंतर त्या घरात दोन टोपल्यांत भाकऱ्या असायच्या. एका टोपल्यात काकूंची आणि माझी, बाजारच्या ज्वारीची. दुसऱ्यात काकांची. पहिल्या आठवड्यात ते मलाही आग्रह करून बघत होते. मी म्हटलं, "नको. आमच्या घरचा वाटा खाऊन झालाय." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रविवारची शाळा चालू राहिली, पण आता ते शिकवता शिकवता मधेच दुसरंच काहीतरी विचारायचे. एकदा दोर वळताना मला विचारलं, "तुझी आजी ती भाकरी कशाबरोबर खायची?" मी सांगितलं, कांदा असला तर कांदा, नाही तर मीठ. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटात ठेचा नव्हता, कांदा होता. मला ते आवडलं नाही, आणि मी तसं सांगितलंही. तुम्ही कांदा खाल्ल्यानं माझ्या आजीला काय मिळतंय, असं विचारलं. "काय नाय मिळत," ते म्हणाले. "मला कळतंय का ते बघतोय."

थंडी सरत आली तरी पेवाचा तळ दिसेना. काकांचं वजन उतरलं. पुण्याहून फोन यायचा, काकू म्हणायच्या, "येतो रे. थोडं धान्य संपायचंय." पलीकडून मुलगा काय म्हणत असेल ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

एका दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. काका आपल्या टोपल्यातली भाकरी घेऊन, कुस्करून, मान खाली घालून खात होते. काकू बघत होत्या. त्यांनी आपल्या ताटातली पांढरी भाकरी उचलून माझ्या ताटात टाकली, हात लांब केला आणि काकांच्या टोपल्यातली एक घेतली.

"ठेव ती," काका म्हणाले. "तुला कुणी सांगितलं खायला? पेव उघडेपर्यंत थांबलीस, तुझी अट तू पाळलीस."

"तुम्ही एकट्यानं खायची म्हटल्यावर नातीच्या लग्नापर्यंत संपायची नाही." काकूंनी घास मोडला, तोंडात टाकला. नाक आकसलं, डोळे मिटले, गिळला. पाणी प्यायल्या. "हे रोज खात होतात?"

"व्हय."

"घशाखाली उतरते कशाबरोबर, ते सांगा."

काकांनी कांद्याची फोड त्यांच्याकडं सरकवली. काकू सावकाश, हट्टानं, एकही कण न सांडता खात राहिल्या. ती भाकरी संपवली, पदरानं तोंड पुसलं, टोपल्यात डोकावून अजून किती आहेत ते बघितलं, आणि दुसरी वाढून घेतली.